देगाचं चित्र कापू नका, आणि खाली तिचं नाव छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांवरचा लेख आला, त्यासोबत तुम्ही एदगार देगाचं सर्कशीतलं चित्र छापलंत. मराठी पेपरात हे चित्र बघून खरंच खूप आनंद झाला, त्याबद्दल आधी मनापासून आभार. पण दोन गोष्टी इतक्या खटकल्या की क्लिनिकमधून घरी आल्या आल्या लिहायला बसले. एक म्हणजे चित्र कापून चौकोनी केलंय. आणि दुसरं म्हणजे खाली फक्त ‘देगा, सर्कशीतील कसरतपटू, 1879’ एवढंच लिहिलंय. ती कसरतपटू कोण हे सगळ्या जगाला माहितीये, चित्राच्या नावातच तिचं नाव आहे, ‘मिस ला ला अ‍ॅट द सर्क फर्नांदो’ (सर्क फर्नांदो ही पॅरिसमधली सर्कस), मग आपण नेमकं तिचंच नाव का गाळायचं?

आधी कापण्याबद्दल बोलते. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, साधारण 117 सेंटिमीटर उंच आणि 77 सेंटिमीटर रुंद, म्हणजे चांगलं उभं चित्र आहे. त्यात ती बाई चित्राच्या मधोमध नाहीये, वर डाव्या बाजूला आहे. दातांत दोर धरून तिला वर ओढलं जातंय, दोन्ही हात पसरलेत, गुडघे दुमडलेत, मान पूर्ण मागे टाकलीये त्यामुळे तोंड छताकडे आणि चेहरा आपल्याला धड दिसतही नाही. बाकी सगळं चित्र म्हणजे सर्कशीच्या इमारतीचं छत, नारिंगी भिंती, हिरवट तुळया, कमानी, सगळं तिरकं तिरकं वर जाणारं. खाली रिंगण नाही. प्रेक्षक नाहीत. घोडे, विदूषक, बँडवाले कोणी म्हणजे कोणीच नाही. तुम्ही लेआउटमध्ये बसवण्यासाठी ते छत उजवीकडून आणि खालून कापलंत आणि ती बाई आपोआप मधे आली, आता ते एखाद्या पोस्टरसारखं दिसतं. देगाने ती जागा रिकामी ठेवली कारण त्या रिकाम्या जागेमुळेच आपल्या पोटात गोळा येतो, तिच्या खाली काही नाहीये हे आपल्याला कळतं ते त्या जागेमुळे. तो आपल्याला बरोबर खाली, मान वर करून बघणाऱ्या माणसाच्या जागी उभं करतो. जमीन दाखवतच नाही, त्यामुळे ती किती उंचावर आहे याचा अंदाज आपला आपण करायचा, आणि तो अंदाज नेहमी जास्तच होतो.

त्या छतासाठी त्याने किती कष्ट घेतले होते ते पण सांगायला हवं. जानेवारी 1879 मध्ये तो पुन्हा पुन्हा त्या सर्कशीत जाऊन बसला, तिची स्केचेस केली, पेस्टलमध्ये अभ्यास केला (त्यातलं एक पेस्टल लंडनच्याच टेट कलासंग्रहालयात आहे), आणि छताचा, तुळयांचा अभ्यास वेगळा केला. खालून वर बघताना गोल इमारतीच्या रेषा कशा झुकतात हे काढणं फार अवघड, त्याला ते जड गेलं होतं हे त्या स्केचेसवरून दिसतं. लोकांना वाटतं इम्प्रेशनिस्ट म्हणजे बाहेर मोकळ्या हवेत जाऊन पटापट रंग मारणारे. देगा तसा अजिबात नव्हता. त्याला ते नावही आवडत नसे, आणि 1879 च्या एप्रिलमध्ये पॅरिसला या चित्रकारांचं जे चौथं प्रदर्शन भरलं ज्यात हे चित्र होतं, ते ‘स्वतंत्र कलाकारांचं प्रदर्शन’ म्हणून भरवावं असा त्याचाच आग्रह होता. नदी, गवत, ऊन यापेक्षा त्याला रात्रीचे दिवे, ऑपेरातल्या तालमी, इस्त्री करणाऱ्या बायका यात रस. म्हणजे अंग मोडून काम करणारी माणसं आणि त्या कामात शरीर कसं वाकतं ते. मिस ला ला त्याच माळेतली.

आता मी हे सगळं का लिहितेय ते सांगते. मी डेंटिस्ट आहे, सांगलीत प्रॅक्टिस करते. 2024 च्या उन्हाळ्यात मुलीकडे लंडनला गेले होते तेव्हा नॅशनल गॅलरीने याच एका चित्राभोवती एक छोटं प्रदर्शन लावलं होतं, गॅलरीला 200 वर्षं झाली त्या वर्षात. चित्र, त्याची स्केचेस, तिचे फोटो, सर्कशीची पोस्टरं असं सगळं एका ठिकाणी. मुलगी दोनदा म्हणाली चल आता, बाकीचं पण बघायचंय, पण मला हलवेना. कारण आजूबाजूचे लोक रंग बघत होते, पर्स्पेक्टिव्ह बघत होते, आणि मी तिचा जबडा बघत होते.

एका मोठ्या माणसाचं सगळं वजन दातांवर तोलायचं म्हणजे काय हे जरा समजून घ्या. नुसतं पुढच्या दातांनी दोर चावून धरला तर ते शक्यच नाही, पुढचे दात एवढा भार घ्यायला बनलेलेच नसतात, खरी ताकद मागच्या दाढांकडे. म्हणून हे कलाकार दातांत चामड्याची जाड पट्टी धरायचे, तोंडाच्या आत नीट बसेल अशी, म्हणजे भार सगळ्या दातांवर वाटला जातो आणि पट्टी निसटत नाही. मग जबडा आवळून धरणारे स्नायू, गालातला मॅसेटर आणि कानशिलावरचा टेंपोरॅलिस, ते पूर्ण वेळ ताठ. तुम्ही आत्ता दात घट्ट आवळून गालावर आणि कानशिलावर बोट ठेवून बघा, टणक गोळा लागतो ना, तोच. आणि एकदा घट्ट चावून भागत नाही, दोर वर जाईपर्यंत, वर पोचल्यावर आणि परत खाली येईपर्यंत एक क्षणही तोंड सैल करायचं नाही, श्वास फक्त नाकाने, लाळ आली तरी गिळणं अवघड.

अजून एक. पेशंटला वाटतं आम्ही दात ओढून काढतो. तसं नसतं, दात सरळ ओढून सहज निघत नाही, आम्ही तो आधी इकडे तिकडे हलवून सैल करतो आणि मग काढतो. दाताच्या मुळाभोवती जे बारीक तंतू असतात ते सरळ भार बऱ्यापैकी सोसतात, आडवा झटका मात्र दाताला वाईट. म्हणजे मिस ला ला साठी धोका नुसत्या वजनाचा नव्हता, झोका बसण्याचा, गिरकी घेण्याचा, दोर ओढणाऱ्याने मधेच हिसका देण्याचा होता. आता चित्रात परत बघा. हात असे पसरलेत, पाय असे दुमडलेत की अंग डोलू नये, सगळं दोराच्या रेषेत राहावं. मान मागे टाकल्यामुळे जबडा, मान आणि पाठ एका ओळीत आलीये, मानेचे स्नायू ते वजन पाठीकडे देतायत. देगाला अ‍ॅनाटॉमी येत होती हे आपण ऐकलेलं असतं, पण इथे त्याने नुसते स्नायू काढले नाहीत, ही बाई हवेत स्थिर कशी राहते हे त्याला कळलं होतं. माझ्या मते त्या शतकात कलाकाराच्या कौशल्याकडे इतक्या बारकाईने, इतक्या आदराने बघितलेली चित्रं फार थोडी आहेत. तो तिला सुंदर दाखवायला गेला नाही, तिचं काम दाखवलं.

आणि ती कोण होती हे कळल्यावर तर चित्र अजूनच मोठं होतं. तिचं खरं नाव अ‍ॅना ओल्गा अल्बर्टिना ब्राउन. जन्म 1858 चा, स्टेटिन गावातला, ते तेव्हा प्रशियात होतं, आता पोलंडमध्ये श्चेचिन म्हणतात. वडील कृष्णवर्णीय, आई गोरी प्रशियन. नऊ वर्षांची असल्यापासून सर्कशीत. म्हणजे देगा तिला बघायला गेला तेव्हा ती विशीतली मुलगी होती पण गाठीला दहा-अकरा वर्षांचा अनुभव. ट्रॅपीझला, म्हणजे उंच टांगलेल्या झुल्याला, गुडघ्यांनी उलटं लटकून दातांतल्या साखळीला तोफ टांगायची आणि ती तोफ खरोखर उडवायची, हा तिचा गाजलेला खेळ. त्यामुळे तिला ‘तोफवाली बाई’ असंच नाव पडलं होतं. जाहिरातीत मात्र तिला आफ्रिकेची राजकन्या वगैरे काहीही म्हणायचे, आफ्रिकेशी तिचा काय संबंध, ती प्रशियात जन्मलेली. पण तिच्या रंगाला तिकीटबारीवर किंमत होती आणि ती किंमत मॅनेजर लोक वसूल करत होते. पॅरिसनंतर लगेच मार्च 1879 मध्ये ती लंडनच्या रॉयल अक्वेरियम नावाच्या करमणुकीच्या ठिकाणी खेळ करत होती, म्हणजे चित्र पॅरिसला लागलं त्याच्या आधीच तिचं नाव दुसऱ्या देशात भिंतीभिंतीवर लागलं होतं. तेव्हाच्या लोकांसाठी ती देगापेक्षा कमी प्रसिद्ध नव्हती, माझ्या अंदाजाने जास्तच असेल.

पुढे तिची एक जोडीदारीण होती, काइरा नावाने काम करायची, दोघी मिळून ‘काळं आणि पांढरं फुलपाखरू’ म्हणून खेळ करायच्या. 1888 मध्ये ती जोडीदारीण उंचावरून पडून वारली. त्याच वर्षी मिस ला ला ने मॅन्युएल वुडसन नावाच्या अमेरिकन कसरतपटूशी लग्न केलं, तीन मुली झाल्या, त्याही याच धंद्यात आल्या. हे वाचल्यावर मला चित्रातली ती खालची रिकामी जागा वेगळीच दिसायला लागली. देगा 1879 मध्ये काढत होता तो धोका काही चित्रापुरता नव्हता.

तुमच्या छापील फोटोत ती कृष्णवर्णीय आहे हे सुद्धा पटकन कळत नाही. त्याला थोडं देगाचं चित्रही कारण आहे, तिथल्या उजेडात आणि त्या नारिंगी भिंतीपुढे तिचा रंग भिंतीत मिसळल्यासारखा आहे आणि चेहरा वळलेला. तिचा रंग त्याने असा का ठेवला यावर अभ्यासक बरंच लिहितात. मला यात एक गोष्ट पटते ती म्हणजे जाहिरातीवाले जे विकत होते ते त्याने विकलं नाही. पण त्याच वेळी हेही खरं की तिचा चेहरा आपल्याला मिळाला नाही, फोटो बघितल्याशिवाय ती कशी होती कळतच नाही. म्हणूनच नाव महत्त्वाचं. चेहरा नाही, निदान नाव तरी असू दे.

त्याच सर्कशीचं, त्याच वर्षी काढलेलं रन्वारचं, म्हणजे दुसऱ्या मोठ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकाराचं, चित्र आठवा. रन्वार या चौथ्या प्रदर्शनात नव्हता, पण सर्क फर्नांदोच्या मालकाच्या दोन मुली, फ्रान्सिस्का आणि अँजेलिना वार्टेनबर्ग, त्याने काढल्या, ते चित्र आता शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. खेळ संपलाय, लोकांनी फेकलेली संत्री एका मुलीने गोळा करून छातीशी धरलीत, दुसरी लोकांना हात करतेय. गोड चित्र आहे, मला आवडतंही, पण त्याने ते स्टुडिओत दिवसाच्या उजेडात काढलं आणि मुली आहेत त्यापेक्षा लहान दाखवल्या. तिथे कौतुक झालेल्या मुली आहेत, काम करणारी माणसं नाहीत. तुमच्या लेखात जर ही दोन चित्रं शेजारी शेजारी, पूर्ण छापली असती तर पानभर मजकुराने जे सांगितलं ते वाचकाला एका मिनिटात कळलं असतं, एकाच वर्षी एकाच तंबूत, तंबू कसला पक्की इमारत होती ती, दोन मोठ्या चित्रकारांनी काय काय बघितलं ते. (ही इमारत मोंमार्त्रच्या पायथ्याशी रोशशुआर बुलेव्हारवर 1875 मध्ये झाली, देगा जवळच राहायचा. पुढे तिचं नाव मेद्रानो सर्कस झालं, पिकासोसुद्धा तिथे जायचा. 1970 च्या दशकात ती पाडली.)

बरं, तुम्ही म्हणाल पॅरिसच्या सर्कशीचं सांगलीच्या वाचकाला एवढं काय. तर ऐका. मिस ला ला चं चित्र पॅरिसमध्ये लागलं एप्रिल 1879 मध्ये. त्यानंतर वर्ष भरायच्या आत, 20 मार्च 1880 ला, विष्णुपंत छत्र्यांच्या सर्कशीचा पहिला खेळ आपल्या कुरुंदवाडला संस्थानिकांसमोर झाला. पहिली भारतीय सर्कस. विष्णुपंत मूळचे अंकलखोपचे, मुंबईत किआरिनीची परदेशी सर्कस बघितली आणि इकडे स्वतःची उभी केली. म्हणजे सर्कस ही त्या काळात सगळ्या जगभर पसरत चाललेली गोष्ट होती आणि आपला कृष्णाकाठ त्यात पहिल्या पिढीपासून आहे. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस झाली. आमच्या भागात तर जुन्या घरांमधून अजून सर्कशीच्या गोष्टी निघतात.

त्याच विष्णुपंतांनी गवई रहिमतखाँना सांभाळलं, सर्कशीबरोबर फिरवलं, गाणं ऐकणाऱ्या प्रत्येकाला हे माहितीये, भूगंधर्व रहिमतखाँ कुरुंदवाडला राहिले हे आपण अभिमानाने सांगतो. सांगायलाच पाहिजे. पण त्या आणि त्यानंतरच्या मराठी सर्कशींमधून झुल्यावर, तारेवर, घोड्यावर ज्या बायकांनी काम केलं त्यांची नावं आपल्यापैकी किती जणांना येतात? मालकाचं नाव येतं, गवयाचं येतं, हत्तीचं सुद्धा येतं. तिकडे पॅरिसला निदान एक देगा तरी मान वर करून बसला आणि चित्राच्या नावात तिचं नाव घातलं, म्हणून आज 140 हून जास्त वर्षांनी लोक तिचा जन्म, लग्न, मुली सगळं शोधून काढू शकले. चित्राला नाव नसतं तर शोध कुठून सुरू करणार होते? आपल्याकडे जे काही हँडबिल, फोटो असतील त्यावर नाव असलं तर असलं, आणि ती कागदं वाळवी खातेय.

म्हणून तीन विनंत्या आहेत, आणि मी अगदी मनापासून करतेय.

पहिली, हे चित्र पुन्हा छापा, पूर्ण, उभं, काहीही न कापता. पानावर जागा नसेल तर छोटं छापा पण पूर्ण छापा. छोट्या फोटोतही ती रिकामी जागा काम करते, मी मोबाईलवर बघून खात्री केलीये. इथून पुढेही जिथे चित्राविषयी लेख आहे तिथे चित्र कापू नये असा नियमच करा, बातमीचा फोटो कापणं वेगळं आणि चित्र कापणं वेगळं. कवितेच्या शेवटच्या चार ओळी जागा नाही म्हणून तुम्ही उडवत नाही.

दुसरी, फोटोखाली ज्याचं चित्र आहे त्याचंही नाव द्या. माहीत असेल तेव्हा तरी. मिस ला ला, अ‍ॅना ओल्गा अल्बर्टिना ब्राउन, कसरतपटू. चित्रकार, साल, चित्र कुठे आहे, हे पण असावं, म्हणजे लंडनला जाणाऱ्याला कळेल की हे बघता येतं, नॅशनल गॅलरीचा कायमचा संग्रह बघायला तिकीट लागत नाही. आपली कितीतरी मुलं आता तिकडे शिकायला, नोकरीला आहेत, आईवडील त्यांच्याकडे जातात आणि राजवाडा आणि तो मोठा पाळणा बघून परत येतात. त्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे की ट्रॅफल्गार चौकात आत शिरा, 1925 मध्ये कोर्टोल्ड यांनी दिलेल्या फंडातून घेतलेलं हे चित्र आहे, पाच मिनिटं त्याच्यासमोर उभे राहा, आणि थोडं जवळ जाऊन मान वर करून बघा.

तिसरी विनंती थोडी मोठी आहे. तुमचा पेपर सांगली, मिरज, कुरुंदवाड, म्हैसाळ, तासगाव सगळीकडे जातो. वाचकांना आवाहन करा, ज्यांच्या घरी जुन्या सर्कशीचे फोटो, हँडबिलं, पगाराचे कागद, पत्रं असतील त्यांनी मोबाईलवर फोटो काढून पाठवावेत, आणि फोटोतल्या बाईचं नाव घरातल्या कुणाला माहीत असेल तर ते लिहून पाठवावं. मूळ कागद कुणी देऊ नये, फक्त फोटो. आलेलं सगळं एकदम छापता नाही आलं तरी आठवड्याला एक छापा, नावासकट. मी स्वतः वेळ द्यायला तयार आहे, आलेले फोटो लावणं, घरच्यांना फोन करून माहिती विचारणं, टाइप करणं, जे लागेल ते. माझ्या पेशंटमध्ये आजही ऐंशी-नव्वदीच्या आज्या येतात, कवळी बसवताना गप्पा होतात, त्यांना आठवतंय तोवर विचारून घेऊ.

संपर्कासाठी माझा नंबर तुमच्या ऑफिसला वेगळा कळवलाय. चित्र पुन्हा कधी छापताय तेवढं कळवा, त्या दिवशीचे जास्तीचे अंक घेऊन क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये ठेवणार आहे.

आपली नम्र,
एक दंतवैद्य वाचक, सांगली